बांधणारा कोण, उत्तरदायी कोण? : महाराष्ट्रातील सदनिकाविषयक कायद्यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी अन्न व वस्त्र माणूस वारंवार विकत घेतो. एकदा फसगत झाली तर पुढच्या वेळी दुकान बदलतो. घर मात्र मध्यमवर्गीय कुटुंब बहुधा आयुष्यात एकदाच घेते, तेही दीर्घ मुदतीच्या कर्जावर, आणि पुष्कळदा ते बांधून होण्यापूर्वीच. जी वस्तू अद्याप अस्तित्वात नाही तिची किंमत हप्त्याहप्त्याने देण्याचा हा व्यवहार आहे. त्यात विकत घेणाऱ्याला वस्तूची पारख करण्याची संधी नसते. खांबात किती सळई आहे व काँक्रीटमध्ये किती सिमेंट आहे हे त्याला ताबा घेतानाही दिसत नाही. अशा व्यवहारात विश्वासाची जागा कायद्याने भरून काढावी लागते.

महाराष्ट्रात हे कार्य प्रथम १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकाविषयक अधिनियमाने, म्हणजे 'मोफा' कायद्याने, आणि नंतर केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने, म्हणजे 'रेरा' कायद्याने हाती घेतले. या दोन्ही कायद्यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बहुतेक लेखन ग्राहकाला कोणते हक्क मिळाले याची नोंद करून थांबते. प्रस्तुत लेखात विचारलेला प्रश्न त्याहून वेगळा आहे. इमारत ज्यांच्या हातून प्रत्यक्ष आकाराला येते ते वास्तुविशारद, संरचना अभियंता व कंत्राटदार त्या इमारतीत राहणाऱ्या माणसापुढे कितपत उत्तरदायी आहेत? या कायद्यांनी घराच्या विक्रीचे नियमन समर्थपणे केले; परंतु घराच्या बांधणीची जबाबदारी विकणाऱ्या एकाच व्यक्तीवर ठेवून बांधणाऱ्यांना चौकटीबाहेर राहू दिले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

करारांची साखळी

एखादी इमारत उभी राहते तेव्हा एक नव्हे, अनेक करार अस्तित्वात येतात. जमीनमालक व प्रवर्तक यांच्यात विकसन करार होतो. प्रवर्तक वास्तुविशारदाची व संरचना अभियंत्याची नेमणूक करतो. बांधकामाचे कंत्राट तो एखाद्या कंत्राटदाराला देतो. कंत्राटदार गवंडीकाम, सेंट्रिंग, सळईकाम, प्लंबिंग अशी कामे उपकंत्राटदारांना वाटून देतो. आणि उपकंत्राटदार मुकादमामार्फत मजूर आणतो. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला सदनिका खरेदीदार असतो. त्याचा करार फक्त प्रवर्तकाशी असतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या चौकटीत या रचनेचा परिणाम फार महत्त्वाचा आहे. जो कराराचा पक्षकार नाही त्याला, काही अपवाद वगळता, त्या कराराच्या आधारे दावा करता येत नाही, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी स्वीकारलेले आहे. संरचना अभियंत्याने गणित चुकवले तर तो प्रवर्तकाशी केलेल्या कराराचा भंग ठरतो. चुकीच्या गणितावर उभ्या असलेल्या घरात राहणारा माणूस मात्र त्या कराराला परका ठरतो. ज्याचे नुकसान होते त्याच्याकडे करार नाही आणि ज्याच्याकडे करार आहे त्याने इमारत विकून टाकलेली असते, अशी ही स्थिती आहे.

निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा करण्याचा किंवा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग तत्त्वतः खुला आहे. गृहबांधणी ही 'सेवा' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाविरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात १९९३ मध्ये स्पष्ट केले. परंतु निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर पडतो. त्यासाठी लागणारी रेखाचित्रे, गणिते, साहित्य-चाचण्यांचे अहवाल हे सारे दुसऱ्यांच्या ताब्यात असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सामान्य कायद्यात नव्हे, तर विशेष कायद्यांत शोधणे क्रमप्राप्त ठरते.

मोफा : एका विसरलेल्या तरतुदीचे महत्त्व

मोफा हा त्या काळाचा विचार करता दूरदृष्टीचा कायदा होता. आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी नोंदणीकृत करार, घेतलेल्या रकमांसाठी स्वतंत्र खाते, मंजूर आराखड्यात परस्पर बदल करण्यास मनाई, सहकारी संस्था स्थापन करण्याची व जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण करून देण्याची सक्ती, या तरतुदी त्याने केल्या. वाहनतळाच्या मोकळ्या अथवा खांबांखालील जागा प्रवर्तकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा नहालचंद लालूचंद प्रकरणातील निर्णय याच कायद्याच्या अन्वयार्थावर आधारलेला आहे. अभिहस्तांतरण टाळणाऱ्या प्रवर्तकांवर उपाय म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. यावरून मूळ सक्तीची अंमलबजावणी किती दुबळी होती हेही दिसून येते.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोफाच्या कलम ३ मधील एक तरतूद अधिक लक्षणीय आहे. प्रवर्तक स्वतः बांधकाम करणारा नसेल, तर आराखडा, साहित्य व बांधकाम यांबाबत वास्तुविशारद आणि कंत्राटदार यांच्याशी त्याने केलेले करार, आणि ते लेखी नसतील तर त्यांचा तपशील, मागणी होताच उघड करण्याचे बंधन या कलमाने प्रवर्तकावर घातले. बांधणाऱ्याने काय कबूल केले आहे हे राहणाऱ्याला कळले पाहिजे, हा विचार १९६३ च्या विधिकर्त्यांच्या मनात होता. या तरतुदीने खरेदीदाराला त्या करारांचा पक्षकार केले नाही. पण किमान वाचक केले. व्यवहारात हा हक्क सहसा कोणी बजावला नाही, आणि म्हणून तो हळूहळू विस्मरणात गेला.

रेरा : विक्रीचे नियमन

रेरा कायद्याची प्रमुख कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली आणि महाराष्ट्रात 'महारेरा' प्राधिकरणाचे काम सुरू झाले. प्रकल्पाची सक्तीची नोंदणी, खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन, करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई, आराखडा बदलण्यासाठी दोन-तृतीयांश वाटपग्राहींची संमती आणि ताबा लांबल्यास व्याज अथवा परतावा मागण्याचा हक्क या तरतुदींनी व्यवहाराचा तोल निश्चितच बदलला. या कायद्याची वैधता मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये उचलून धरली. मुदतीत ताबा न मिळाल्यास परतावा मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक प्रकरणात सांगितले. त्यापूर्वी २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात खरेदीदाराच्या विलंबाला १८ टक्के आणि प्रवर्तकाच्या विलंबाला ९ टक्के व्याज लावणाऱ्या एकतर्फी कराराला न्यायालयाने अनुचित व्यापारी प्रथा ठरवले होते. हे यश नाकारता येणार नाही.

परंतु याच कायद्याचे शब्द बांधणाऱ्यांच्या संदर्भात वाचले असता चित्र पालटते. कलम ४ मध्ये नोंदणीच्या वेळी जाहीर करावयाच्या बाबींत कंत्राटदार, वास्तुविशारद व संरचना अभियंता यांची नावे व पत्ते यांचा समावेश आहे. त्यांच्याशी झालेल्या करारांचा उल्लेख तेथे नाही. शिवाय संरचना अभियंत्याच्या उल्लेखाला 'असल्यास' असा शब्द जोडलेला आहे. बहुमजली इमारतीला संरचना अभियंता नसू शकतो, ही शक्यता कायद्याच्या मसुद्यात गृहीत धरली जावी हे आश्चर्यकारक आहे. मोफाने करार पाहण्याचा हक्क दिला होता. रेराने नाव व पत्ता पुरेसा मानला. माहितीच्या अधिकाराच्या युगात झालेला कायदा या एका बाबतीत त्रेपन्न वर्षे आधीपासूनच्या कायद्याहून मागे आहे.

कलम ३१ अधिक निर्णायक आहे. प्राधिकरणाकडे तक्रार करता येते ती प्रवर्तक, वाटपग्राही किंवा स्थावर संपदा अभिकर्ता यांच्याविरुद्ध. म्हणजे घर दाखविणारा दलाल या कायद्याच्या कक्षेत येतो; घराचे खांब आखणारा अभियंता येत नाही. कंत्राटदार स्वतःच विक्रीसाठी इमारत विकसित करीत असेल तर तो प्रवर्तकाच्या व्याख्येत बसतो. केवळ कंत्राटी काम करीत असेल तर तोही बाहेरच राहतो.

महाराष्ट्रातील विहित नमुना करारनामाही याच विचाराचे प्रतिबिंब आहे. प्रवर्तकाने वास्तुविशारद व संरचना अभियंता नेमले असून इमारत पूर्ण होईपर्यंत त्यांची व्यावसायिक देखरेख त्याला मान्य आहे, असा मजकूर त्यात आढळतो. पण तो आढळतो प्रास्ताविक कथनांत, ज्यांची सुरुवात 'ज्याअर्थी' या शब्दाने होते. कराराच्या बंधनकारक अटींच्या भागात त्या देखरेखीचे स्वरूप, वारंवारता किंवा तिच्या अभावाचे परिणाम यांविषयी काही सांगितलेले नाही. तसेच या करारनाम्यावर वास्तुविशारदाची किंवा अभियंत्याची सही नसते.

तीन प्रमाणपत्रे आणि त्यांमागील पात्रता

स्वतंत्र खात्यातील रक्कम काढण्यासाठी रेराने अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे आवश्यक केली आहेत. संपूर्ण आर्थिक शिस्त या तीन सह्यांवर उभी आहे. म्हणून सही करणाऱ्यांची कायदेशीर स्थिती तपासणे गरजेचे ठरते.

सनदी लेखापालाचा व्यवसाय १९४९ च्या अधिनियमाने नियंत्रित आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा अधिनियम व वास्तुकला परिषद आहे. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल परिषदेला चौकशी करता येते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये मुकेश गोयल प्रकरणात स्पष्ट केल्याप्रमाणे या अधिनियमाचे कलम ३७ 'वास्तुविशारद' ही उपाधी लावण्यास अनोंदणीकृत व्यक्तीला मनाई करते. आराखडे तयार करण्याचे काम करण्यास नव्हे. कायद्याने नामाभिधान राखले, काम मोकळे सोडले.

अभियंत्याबाबत तर एवढेही नाही. देशपातळीवर अभियंत्यांच्या व्यवसायाची सक्तीची नोंदणी व शिस्तपालन करणारा वास्तुविशारद अधिनियमासारखा कायदा नाही. त्यामुळे रेराच्या व्याख्याकलमात वास्तुविशारदासाठी १९७२ च्या अधिनियमाखालील नोंदणीचा निर्देश करता आला, पण अभियंत्यासाठी मुख्यतः मान्यताप्राप्त संस्थेच्या पदवीवर समाधान मानावे लागले. विकास नियंत्रण नियमावलींखाली नगरपालिका व महानगरपालिका संरचना अभियंत्यांना परवाने देतात. महाराष्ट्रात २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही तांत्रिक व्यक्तींच्या अर्हता दिलेल्या आहेत. परंतु स्थानिक परवाना आणि व्यवसायाचा कायदा या भिन्न गोष्टी आहेत. ज्याची चूक सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत अधिक जीवघेणी ठरते, त्याच व्यावसायिकासाठी विधिव्यवस्थेत सर्वांत कमी तरतूद असावी, ही विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या प्रमाणपत्रांचा हेतूही ध्यानात घेतला पाहिजे. ती मुख्यतः किती काम झाले व किती खर्च झाला हे सांगतात. महारेराने पुढे अभियंत्याकडून गुणवत्तेविषयी प्रमाणपत्र घेण्याची पद्धतही सुरू केली, हे स्वागतार्ह आहे. तरीही ते देणारा अभियंता प्रवर्तकानेच नेमलेला व त्याच्याकडूनच मानधन घेणारा असतो. प्रमाणपत्र चुकीचे निघाल्यास खरेदीदाराला त्याच्याविरुद्ध थेट उपाय काय, याचे उत्तर कायदा देत नाही. या संदर्भात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७४ मध्ये सटक्लिफ विरुद्ध थॅक्रा प्रकरणात दिलेला निर्णय उद्बोधक आहे. प्रमाणपत्र देताना वास्तुविशारद न्यायाधीशाप्रमाणे वागतो, म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, हा बचाव तेथे फेटाळला गेला. मात्र तेथेही दावा करणारा वास्तुविशारदाचा स्वतःचा अशील होता. आपल्याकडील सदनिकाधारकाला ते स्थानही लाभत नाही.

पाच वर्षांची मुदत

मोफाखाली दोष दाखवून देण्याची मुदत ताब्यापासून तीन वर्षे होती. रेराच्या कलम १४ ने ती पाच वर्षे केली. या मुदतीत दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. सुधारणा म्हणून हे योग्यच आहे. परंतु संरचनात्मक दोष आणि कारागिरीतील इतर दोष यांना कायद्याने एकच मुदत लावली आहे. स्नानगृहातील गळती आणि खांबातील न्यून यांना कायद्याच्या लेखी समान आयुष्य आहे. गळती पहिल्या पावसाळ्यात दिसते. गंजणारी सळई प्लास्टर फोडून बाहेर येण्यास अनेक वर्षे लागतात.

याच अधिनियमाच्या कलम १८ शी तुलना केली म्हणजे हा दोष अधिक ठळक होतो. जमिनीच्या मालकीहक्कात दोष निघाल्यास भरपाईचा दावा मुदतीच्या कारणास्तव बाद होणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे कागदातील दोषाला मुदत नाही आणि खांबातील दोषाला पाच वर्षे आहेत. हा कायदा प्रामुख्याने विक्रीचा कायदा आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ती शंभर वर्षांची जीर्ण चाळ नव्हती. ताबा मिळून लोक राहू लागल्याला दशकाच्या आतबाहेरचाच काळ लोटला होता. पाच वर्षांची मुदत अशा इमारतीला तोकडी पडते. अशा दुर्घटनेनंतर उरतो तो फौजदारी कायदा, आणि तो बहुधा मृत्यू झाल्यावर जागा होतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्रा-शीळ परिसरात कोसळलेल्या अनधिकृत इमारतीत ७४ जण मरण पावले. बांधकाम चालू असतानाच तेथे राहणारे मजूर व त्यांची कुटुंबे त्यांत होती. साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला असलेल्या या माणसांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा व उपकर आला, आणि त्याच्या तरतुदी पुढे २०२० च्या कामगार संहितांत सामावून घेण्यात आल्या. पण इमारतीच्या सुरक्षिततेचा कायदा आणि मजुराच्या सुरक्षिततेचा कायदा हे एकमेकांना अनोळखीच राहिले आहेत.

अन्य देशांतील मांडणी

भारतात वास्तुविशारद अधिनियम झाला त्याच १९७२ साली इंग्लंडमध्ये सदोष वास्तूंविषयीचा कायदा झाला. निवासी वास्तूच्या उभारणीचे काम जो हाती घेतो त्याचे कर्तव्य केवळ काम सांगणाऱ्यापुरते नसून त्या वास्तूत पुढे हितसंबंध मिळविणाऱ्या प्रत्येकाप्रती आहे, असे त्याचे पहिलेच कलम सांगते. करारसंबंधाची भिंत तेथे कायद्यानेच दूर केली. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने या दाव्यांची मुदत पुढील कामांसाठी १५ वर्षे आणि पूर्वीच्या कामांसाठी ३० वर्षे केली. फ्रान्समध्ये दिवाणी संहितेनुसार इमारतीच्या भक्कमपणाला बाधा आणणाऱ्या दोषांबद्दल बांधणारे, ज्यांत वास्तुविशारदही येतो, दहा वर्षे उत्तरदायी असतात. किरकोळ दोषांसाठी तेथे वेगळ्या, छोट्या मुदती आहेत. १९७८ च्या कायद्याने या दायित्वाचा विमाही सक्तीचा केला. रेराच्या कलम १६ मध्ये विम्याचा उल्लेख आहे, परंतु तो शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून ठेवलेला आहे आणि त्याचे बंधन पुन्हा प्रवर्तकावरच आहे.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप घेता येईल. सर्व जबाबदारी प्रवर्तकावर केंद्रित करणे हेच ग्राहकाच्या हिताचे आहे. त्याने चार जणांच्या मागे कशासाठी धावावे? प्रवर्तकाने भरपाई द्यावी आणि मग आपल्या कंत्राटदाराकडून किंवा अभियंत्याकडून ती वसूल करावी. प्रवर्तक सधन आणि दीर्घकाळ टिकणारा असेल तर हा युक्तिवाद योग्य आहे. प्रत्यक्षात पुष्कळ प्रकल्प एकाच प्रकल्पापुरत्या स्थापन केलेल्या कंपनीच्या वा भागीदारी संस्थेच्या नावावर असतात. सदनिका विकल्या गेल्या की त्या संस्थेकडे मालमत्ता उरत नाही. एकच उत्तरदायी असणे सोयीचे खरे, पण तो एकच नाहीसा झाला तर सोयही नाहीशी होते. येथे सुचविलेले दायित्व प्रवर्तकाच्या दायित्वाऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला आहे.

दुसरा आक्षेप असा की, यामुळे व्यावसायिकांचे मानधन व विम्याचा खर्च वाढून घरे महागतील. खर्च काही प्रमाणात वाढेल हे मान्य करावे लागेल. परंतु दोषाची किंमत आजही कोणीतरी देतच आहे. ती आज सदनिकाधारक देतो, आणि तिचा हिशेब कोणत्याही विक्रीपत्रकात दाखवलेला नसतो.

समारोप

मोफा आणि रेरा या कायद्यांनी सदनिका खरेदीदाराला बाजारातील दुबळ्या पक्षाच्या स्थितीतून बऱ्याच अंशी वर आणले, हे निर्विवाद आहे. परंतु दोन्ही कायद्यांचा केंद्रबिंदू व्यवहार हा राहिला, वास्तू नव्हे. या चिकित्सेतून चार सूचना निष्पन्न होतात. मोफातील करार उघड करण्याचे बंधन रेराच्या चौकटीत पुनःस्थापित व्हावे आणि वास्तुविशारद, संरचना अभियंता व कंत्राटदार यांच्याशी झालेले करार प्रकल्पाच्या नोंदणीसोबत उपलब्ध असावेत. संरचनात्मक दोषाची मुदत इतर दोषांपासून वेगळी करून किमान दहा वर्षे करावी. अभियंत्यांच्या व्यवसायासाठी स्वतंत्र अधिनियम व्हावा. आणि प्रमाणपत्रावर सही करणारा त्या इमारतीत राहणाऱ्याप्रती थेट उत्तरदायी राहील, असे कर्तव्य कायद्यानेच निर्माण करावे.

पुनर्विकासाच्या क्षेत्रात या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ व २०१९ च्या निर्देशांनुसार गृहनिर्माण संस्था स्वतःचा वास्तुविशारद अथवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमते. तेथे राहणाऱ्यांचा तांत्रिक व्यक्तीशी थेट करार होतो. जुन्या इमारतीतील रहिवाशाला जे मिळू शकते ते नव्या इमारतीतील खरेदीदाराला नाकारण्यास सबळ कारण दिसत नाही. वाणिज्य, विधी आणि अभियांत्रिकी या तीन शाखांतून हा विषय आज वेगवेगळा शिकवला जातो. करार शिकणारा विद्यार्थी आराखडा पाहत नाही आणि आराखडा काढणारा करार वाचत नाही. कायद्यातील ही फट अभ्यासक्रमातही आहे, आणि तिथली फट बुजविण्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही.